रेफरी विकला गेला म्हणता? मग पहिल्या क्वार्टरपासून मोजा

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ (बाद फेऱ्या) सुरू झाले की या सदराच्या टपालाचा सूरच बदलतो. एरवी कोणता बूट घ्यावा, मुलाची उंची अजून वाढेल का, गुडघा दुखत असताना उड्या माराव्यात का, असं विचारणारी सज्जन माणसं एकदम न्यायाधीश होतात. या खेपेला रेफरींवर राग नाही असं एकही पत्र आलं नाही. मी कॉलेजात खेळले, पुढे नोकरी सांभाळून मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली, तेव्हा हा राग केलाही आहे आणि झेललाही आहे. निवडक पत्रं घेते. शिव्या गाळल्यावर दोन पत्रं चार-चार ओळींचीच उरली, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : ताई, २०१९ मध्ये बाबांनी मला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्जचा सामना दाखवला. तेव्हापासून मी पेसर्सचा. २०२४ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात चेंडू आमच्या नेस्मिथच्या हाताला लागला आणि रेफरींनी 'किक बॉल', म्हणजे चेंडू पायाने अडवला, असा निर्णय दिला. सामन्यानंतर त्यांनी चूक कबूलही केली. मग उपयोग काय? पहाटे पाचला उठून हेच बघायचं का? (मुलुंडहून एक कॉलेजकुमार)

उत्तर : अरे, रागावू नकोस, पण तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. त्या ऑक्टोबरात वरळीला जे दोन संघ उतरले, त्यांच्याइतकी रेफरींची जुनी दुखणी फार थोड्या संघांकडे असतील. बाबांनी तिकीट काढलं आणि त्याबरोबर तुला वारसाही देऊन टाकला. वरळीचे दोन्ही सामने पेसर्सने जिंकले, पहिला तर ओव्हरटाइममध्ये १३२-१३१, म्हणून तेव्हा तुझ्या लक्षात आलं नसेल.

तुझा किक बॉल घेऊ. गुण ११५-११५, मिनिटभराहूनही कमी वेळ उरलेला. निक्सचा पास नेस्मिथने अडवला. रिप्लेत हात लख्ख दिसतो. पण शिट्टी वाजली तिथे खेळ थांबला, चेंडू निक्सकडेच राहिला आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या डिव्हिन्चेन्झोने तीन गुणांची बास्केट टाकली. निकाल १२१-११७. रेफरींनी रिप्ले का पाहिला नाही, असं सगळे विचारत होते. उत्तर रुक्ष आहे : रिप्लेत काय तपासायचं याची यादी ठरलेली असते आणि किक बॉल त्या यादीत नव्हता. कोच ज्यात निर्णयावर दाद मागतो त्या 'चॅलेंज'मध्येही तो बसत नव्हता. म्हणजे मैदानावरच्या तिघा रेफरींना आपलं चुकलंय असं वाटलं असतं, तरी हात बांधलेलेच होते.

तुमचे कोच कार्लाइल दुसऱ्या सामन्यानंतर उघड बोलले. दोन सामन्यांतले ७८ निर्णय संघाने लीगकडे पाठवले आणि छोट्या शहरांच्या संघांनाही सारखी संधी मिळायला हवी, असं त्यांनी सुनावलं. बक्षीस काय मिळालं? ३५,००० डॉलर दंड. आणि सात सामन्यांची ती मालिका कुणी जिंकली? पेसर्सने, सातव्या सामन्यात, निक्सच्या घरी जाऊन. हे तुझ्या पत्रात नव्हतं. चाहत्याला हरलेला सामना पाठ असतो, जिंकलेली मालिका विसरते.

आता कबुलीबद्दल. ती दोन प्रकारची असते. सामना संपला की एक पत्रकार सगळ्यांच्या वतीने मुख्य रेफरीला प्रश्न विचारतो, तिथे चूक मान्य होते. ही पद्धत मला पसंत आहे. माणूस समोर बसून सांगतो, संपलं. दुसरा प्रकार म्हणजे २०१५ पासून लीग दुसऱ्या दिवशी जाहीर करते तो शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल. अटीतटीच्या सामन्यात, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत फरक तीन गुणांवर किंवा त्याच्या आत आला असेल तर, प्रत्येक शिट्टी आणि महत्त्वाच्या न वाजलेल्या शिट्ट्या तपासून बरोबर की चूक ते छापतात. निकाल बदलत नाही. वरातीमागून घोडं.

रेफरींच्या संघटनेलाही हा अहवाल नको आहे. मलाही नको, पण माझं कारण वेगळं. ४८ मिनिटांचा खेळ आणि हिशेब फक्त दोन मिनिटांचा, यामुळे लोकांना वाटायला लागलं की चूक शेवटच्या दोन मिनिटांतच होते. लीग आपल्यापुरता सगळा सामना तपासते, रेफरींना त्यावर गुण देते. तुम्हा-आम्हाला दाखवते मात्र शेपूट. दाखवायचं तर सगळं दाखवा.

ऐक, वरळीच्या दुसऱ्या संघाची, किंग्जची गोष्ट. २००२ चे प्लेऑफ, लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध चौथा सामना. लेकर्सच्या हॉरीने शेवटच्या ठोक्याला तीन गुणांची बास्केट टाकली आणि लेकर्स १००-९९ जिंकले, ही बास्केट अजून सगळीकडे दाखवतात. त्याच सामन्यात पहिला हाफ संपताना लेकर्सच्याच समाकी वॉकरने लांबून फेकलेला चेंडू आत गेला. तो हातातून सुटला तेव्हा वेळ संपलेली होती. रेफरींनी तीन गुण दिले. तेव्हा ते तपासायला रिप्ले नव्हता. सामना एका गुणाने गेला! पुढच्या हंगामापासून शेवटच्या ठोक्याच्या बास्केटसाठी रिप्ले आला. बैल गेला आणि झोपा केला. हॉरी सगळ्यांना ठाऊक आहे, वॉकर कुणाला आठवत नाही, कारण त्याचे तीन गुण चहाच्या वेळेला पडले.

पहाटे उठायचं की नाही, ते मला विचारू नकोस. तू उठणारच आहेस.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. अभ्यासाला उठत नाही, पण प्लेऑफ असले की पाचच्या आधी जागा असतो आणि साडेसातपर्यंत "विकले गेले, सगळे विकले गेले" असं ओरडतो. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले होते. यात खरंच सट्टा असतो का? तसं असेल तर त्याने हे बघूच नये असं मला वाटतं. (कांदिवलीहून एक आई)

उत्तर : वहिनी, एकदा झालंय आणि पकडलंही गेलंय. टिम डोनागी नावाचा एनबीएचा रेफरी होता. सामन्यांवर पैसे लावणं आणि आतल्या गोष्टी जुगाऱ्यांना पुरवणं यासाठी त्याने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. मुद्दाम शिट्ट्या वाजवून त्याने निकाल फिरवले, हे मात्र सिद्ध झालं नाही. पण एक नासका निघाला की पाटी उपडी करून बघायची सवय लागते, ती लोकांना लागली.

आपल्याला तर ती आधीपासूनच आहे. २००० साली हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण, मग २०१३ चं आयपीएलचं स्पॉट फिक्सिंग. हे बघत मोठे झालेले बाप घरात बसून 'फिक्स' म्हणतात, मुलं तेच उचलतात. चिरंजीव बहुधा तुम्हाला किंग्ज आणि लेकर्सचा २००२ चा सहावा सामनाही सांगत असतील. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या, कुणी न अडवता टाकायच्या एकेका गुणाच्या फेकी) मिळाले. किंग्जचे दोन उंच खेळाडू, डिवात्स आणि पोलार्ड, सहा-सहा फाउल होऊन बाहेर. शेवटच्या सेकंदांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या बिबीच्या तोंडावर बसलं, त्याला शिट्टी नाही. तो क्वार्टर मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि माझ्या मते ते वाईट रेफरिंग होतं. पुढे डोनागीने वकिलामार्फत तो सामना ठरवलेला असल्याचा आरोप केला. पण त्या रात्री तो स्वतः कोर्टवर नव्हता आणि लीगने आरोप फेटाळला. वाईट आणि विकलेलं यांत फरक आहे. दहावीच्या पेपराला कुणी कमी गुण दिले तर आपण परीक्षकाला वाईट म्हणतो, लगेच चोर म्हणत नाही.

बघू नको म्हणून सांगू नका, तो मोबाइल घेऊन जिन्यात बसेल. त्यापेक्षा परीक्षा झाल्यावर जवळच्या शाळेच्या एखाद्या स्पर्धेत त्याला टेबलावर बसवा, स्कोअरशीट लिहायला. तिथे नेहमीच माणसं कमी असतात. कुणाचा कितवा फाउल, संघाचे फाउल किती झाले, टाइमआउट किती उरले, हे एका हाताने लिहिताना दोन्ही कोच कानाशी ओरडत असतात. घसा आपोआप बसतो.

काकांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : क्रिकेटमध्ये डीआरएस आहे. अमेरिकेसारख्या देशाला यंत्र बसवता येत नाही? (पार्ल्याहून एक निवृत्त वाचक)

उत्तर : यंत्र आहे, काका. न्यू जर्सीत सिकॉकस नावाच्या गावी २०१४ पासून लीगचं रिप्ले केंद्र चालतं, सगळ्या मैदानांची चित्रं तिथे जातात. चेंडू बाहेर कुणाच्या हातून गेला, पाय रेषेवर होता का, वेळ उरली होती का, हे यंत्राला बरोबर कळतं. पण डीआरएस चेंडू कुठे टप्पा पडला ते सांगतं. धक्का 'पुरेसा' होता का, ते कोणतं यंत्र सांगणार? तुम्ही 'अंपायर्स कॉल' शब्दावर चिडत असाल तर बास्केटबॉल पाहूच नका, इथे अर्ध्याअधिक शिट्ट्या त्याच जातीच्या असतात.

आणखी एक खोच आहे, ती लोकांना माहीत नसते. चॅलेंज वाजलेल्या शिट्टीवरच घेता येतं, न वाजलेल्या नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटमध्ये पिस्टन्स एका गुणाने मागे. शेवटच्या क्षणी हार्डवेने तिनाच्या रेषेबाहेरून फेकलं आणि निक्सचा हार्ट त्याच्या अंगावर आला. शिट्टी नाही. ९४-९३, सामना संपला. थोड्याच वेळात मुख्य रेफरींनी मान्य केलं की फाउल द्यायला हवा होता. तीन फ्री थ्रो मिळाले असते, त्यांतले दोन पडले असते तरी निकाल उलटा. पण चॅलेंज करणार कशावर? शांततेवर अपील होत नाही. नियमात पहिली दुरुस्ती मला इथे हवी आहे : शेवटच्या मिनिटात कोचला न वाजलेल्या शिट्टीवरही एकदा दाद मागता यावी. खेळ लांबेल म्हणतात. आताच शेवटची दोन मिनिटं जाहिरातींसकट पंधरा मिनिटं चालतात, आणखी एक गेलं तर काय बिघडलं?

प्रश्न : मॅडम, मी रेफरीच्या परीक्षेची तयारी करतेय. एनबीएत नोव्हेंबरमध्ये जो फाउल असतो तो मे महिन्यात नसतो, असं का? आणि आम्ही शिकायचं कोणतं? (माझगावहून एक खेळाडू)

उत्तर : या महिन्यातला सगळ्यांत कामाचा प्रश्न तुझा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाक. प्लेऑफला वाईट रेफरी लावतात असं नाही. एनबीएत सत्तरच्या वर रेफरी आहेत. पहिल्या फेरीला त्यांतले ३६ च्या आसपास निवडतात, प्रत्येक फेरीला गाळत जातात आणि फायनलला १२ उरतात. म्हणजे राग सगळ्यांत जास्त येतो तेव्हा कोर्टवर सगळ्यांत चांगले रेफरी असतात! नियमाचं पुस्तकही तेच. बदलतं ते एकच : 'किरकोळ' कशाला म्हणायचं.

धक्का प्रत्येक पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात आला की दर वेळी, लागतो. त्या धक्क्याने समोरच्याचा वेग, तोल किंवा हात बिघडला का, हे रेफरी बघतो. बिघडला नाही तर किरकोळ, खेळू द्या. नोव्हेंबरात मंगळवारच्या एखाद्या सामन्यात कंबरेवर टेकवलेल्या हाताला शिट्टी मिळते, कारण खेळ मोकळा असतो, माणसं धावत असतात, हात उठून दिसतो. मे महिन्यात तेच दोन संघ एकमेकांशी सात-सात सामने खेळतात. एकमेकांच्या चाली पाठ झालेल्या असतात, मग अडवायला उरतं ते अंग. प्रत्येक स्क्रीनला (साथीदाराची वाट मोकळी करायला धरलेल्या आडोशाला) कुणीतरी कुणाचा तरी शर्ट धरलेला असतो. सगळ्याला शिट्टी वाजवली तर सामना फ्री थ्रोचा होईल, म्हणून रेषा वर सरकते. सरकू दे. माझी तक्रार ती सरकण्याबद्दल नाही. पहिल्या क्वार्टरला एका जागी, तिसऱ्याला दुसऱ्या जागी आणि शेवटच्या मिनिटाला शिट्टी तोंडातच, असं झालं की प्रेक्षक पेटतो, आणि तो बरोबर असतो. खेळाडूला कडक रेफरी चालतो, ढिलाही चालतो. पहिल्या पाच मिनिटांत तू जे सोडशील ते तो उरलेला सगळा सामना घेणार. ते मध्येच काढून घेतलंस की तो तुझा शत्रू.

शेवटच्या क्षणांची भीती किती खोल असते, त्याचं उदाहरण २०१६ चं. प्लेऑफमधला स्पर्स आणि थंडरचा दुसरा सामना, थंडर ९८-९७ ने जिंकले. दुसऱ्या दिवशीच्या अहवालाने शेवटच्या साडेतेरा सेकंदांत पाच चुका मोजल्या, पाचही न वाजलेल्या शिट्ट्यांच्या. थंडरचा वेटर्स बाहेरून चेंडू आत टाकत होता. समोर उभ्या जिनोबिलीला त्याने कोपराने ढकललं आणि मग पास दिला. चेंडू आत टाकणारा माणूस ढकलतो, हे कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. डोळे शोधत असतात तेच त्यांना सापडतं. म्हणून तुला सांगते, चेंडू आत टाकायचे पाच सेकंद मोजणाऱ्या तुझ्या हातावर विश्वास ठेव आणि नजर बचावपटूवर ठेव.

आता शिकायचं काय. ब्लॉक (चूक बचावपटूची) की चार्ज (चूक घुसणाऱ्याची), यावर सगळ्यांत जास्त भांडणं होतात. तू बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, लीड रेफरीच्या जागी उभी आहेस, चेंडू घेऊन घुसणारा खेळाडू तुझ्याकडे येतोय. चेंडू बघू नकोस. प्रेक्षक चेंडू बघतो, म्हणूनच त्याला वेगळं दिसतं. बचावपटूची छाती बघ : धडक छातीवर बसली की खांद्यावर, मांडीवर? तो आधी जागेवर आला होता की फेकणारा उडायला लागल्यावर सरकला? पाय बास्केटखालच्या अर्धवर्तुळाच्या आत होते का? आपण पाळतो त्या फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमात ते अर्धवर्तुळ सव्वा मीटरचं, एनबीएत चार फुटांचं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. एवढं सगळं एका श्वासात ठरवायचं आणि मग हात ठामपणे दाखवायचा. ठामपणा आवाजात नको, हातात हवा.

नागपाड्याच्या कोर्टवर एकदा तरी शिट्टी वाजव. अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार जिथून आला ती ही वस्ती. तिथला प्रेक्षक नुसतं 'फाउल' म्हणून ओरडत नाही. "मॅडम, हिप! हिप लगाया उसने!" असं जागा सांगून ओरडतो. बेसलाइनला चिकटून उभी असलेली पोरं तुझ्या शिट्टीच्या आधी निकाल देऊन मोकळी होतात, आणि पुष्कळदा तो बरोबर असतो. माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यावर प्रेक्षक जरा लांब, जरा सभ्य, पण तिथे कोचच जागा सांगतात. दोन्हीकडे कान उघडे ठेव आणि मान वळवू नकोस.

प्रश्न : मोठ्या खेळाडूला हात लावला तरी फाउल, लहानाला आडवा केला तरी नाही. हे बरोबर आहे का? (वडाळ्याहून एक शाळकरी वाचक)

उत्तर : बरोबर नाही, आणि थोडंफार होतं. मोठा खेळाडू जास्त वेळा बास्केटवर घुसतो, म्हणून त्याला जास्त फाउल मिळतात, हे खरं कारण आहे. पण तेवढ्याने सगळं सुटत नाही. २००६ च्या फायनलमध्ये मायामीच्या ड्वेन वेडने सहा सामन्यांत ९७ फ्री थ्रो घेतले. पाचव्या सामन्यात त्या एकट्याचे २५, आणि डॅलसच्या अख्ख्या संघाचेही २५. मायामी जिंकले एका गुणाने, ओव्हरटाइममध्ये. वेड घुसायचा हे मान्य करूनही तो आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुझ्या वयाची मुलं मोठ्यांचं बघून हात हवेत फेकून पडायला शिकतात, ते मात्र करू नकोस. २०२३-२४ च्या हंगामापासून एनबीएतही नाटक करून पडलं तर समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो.

प्रश्न : चॅलेंज घेताना कोच हवेत बोट का फिरवतात? (परळहून)

उत्तर : ती चॅलेंजची खूण आहे. आधी टाइमआउट मागायचा, मग बोट गोल फिरवायचं. टाइमआउट शिल्लक नसेल तर चॅलेंजही नाही. चॅलेंज फसलं तर टाइमआउट गेला. पहिलं चॅलेंज जिंकलं तर तो परत मिळतो आणि २०२३-२४ च्या हंगामापासून आणखी एक चॅलेंजही मिळतं. आपल्या स्थानिक सामन्यांत असलं काही नसतं, तेव्हा तुमच्या कोचनी बोट फिरवलं तर रेफरीला वाटेल पंखा लावायला सांगतायत.